सापळा लावला कुणी?

कानात बोटं घालणाऱ्या सभ्य गृहस्थांनो, आधी शब्दाचा अर्थ समजून घ्या. ट्रॅप म्हणजे सापळा. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, काळ्यांच्या वस्तीत, जिथं कोकेनच्या पुड्या विकल्या जातात त्या घराला पोरं ट्रॅप म्हणतात. आत जायला दार आहे. बाहेर पडायला तुरुंग, नाहीतर मसणवट. 2003 साली टी. आय. या रॅपरनं 'ट्रॅप म्युझिक' नावाचा अल्बम काढला आणि वस्तीतला शब्द जगाच्या बाजारात गेला. छातीत दणके मारणारा यंत्राचा ठोका, आणि त्यावर पुडीचा हिशेब, पोलिसांची गाडी, मेलेला दोस्त.

म्हणे, ही गाणी पोरं बिघडवतात! वा रे शहाणे! अल्बम 2003 चा, कायदा 1986 चा. आधी कोण आलं? त्या कायद्यानं 5 ग्रॅम क्रॅक विकायला बाळगलं की किमान 5 वर्षं आत. पांढऱ्या पावडरीला तेवढीच शिक्षा व्हायला 500 ग्रॅम लागायची. आणि क्रॅक म्हणजे काय? तीच पावडर, खायचा सोडा घालून शिजवलेली. माल एकच, तराजू दोन. क्रॅकपायी सडले ते बहुतेक काळे. 2010 साली अमेरिकी संसदेला लाज वाटली, तीही हप्त्यानं. शंभरास एक होतं ते अठरास एक केलं. एकास एक करायला धजले नाहीत.

आता गाण्यालाच बेड्या! 2022 साली अटलांटात यंग थग या रॅपरला टोळीच्या खटल्यात पकडलं. 2023 साली न्यायाधीशानं त्याच्या गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून वाचायला परवानगी दिली. अडीच वर्षं कोठडी झाल्यावर, 2024 साली काही आरोप कबूल करून तो सुटला. गुन्हा केला असेल तर गुन्ह्याचा पुरावा आणा ना! यमक कसलं तपासता? गोऱ्या जॉनी कॅशच्या 1955 सालच्या गाण्यातला कैदी सांगतो, मी माणूस मारला, नुसतं मरताना बघायला. 1968 साली कॅशनं ते तुरुंगात जाऊन गायलं. कुठल्या कोर्टानं त्याला प्रेत कुठं पुरलं म्हणून विचारलं? गोऱ्यानं गायलं की कला, काळ्यानं गायलं की कबुलीजबाब!

आम्ही पुडी विकणाऱ्याची आरती ओवाळत नाही. त्याची पुडी शेजारणीचंच पोर खाते. आणि त्या मरणावर सोन्याच्या साखळ्या चढवून तिकिटं विकणाऱ्या कंपन्यांवर तर आम्ही थुंकतो. सापळ्याची चाल विकायची, सापळ्यातल्या माणसाला वकील द्यायची वेळ आली की खिसा शिवलेला!

पण सापळ्यात अडकलेला माणूस ओरडतोय. त्याची भाषा शिवराळ आहे, सूर तुमच्या दिवाणखान्यात बसत नाही, म्हणून त्याचा गळा दाबता? हात धरायचाच तर सापळा लावणाऱ्याचा धरा. हिंमत आहे?