सगळ्यात लहान आकडा

मला गोल्फ येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या वर्षी जूनमध्ये आठ जणांच्या गोल्फ वीकेंडचं सगळं प्लॅनिंग मी केलं होतं, आणि आजचं पोस्ट त्याच्यावरच आहे.

तर झालं असं. मी तेव्हा एडिंबरोला ऑनसाइट होतो. टीममधल्या एका स्कॉटिश मित्राचं लग्न ठरलं. तिकडे लग्नाआधी मित्रमंडळी नवरदेवाला घेऊन एखादा वीकेंड कुठेतरी जातात, त्याला 'स्टॅग' म्हणतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईची पोरं बॅचलर पार्टीला गोव्याला पळतात ना, तेच. या सगळ्याची जबाबदारी बेस्ट मॅनची. म्हणजे आपला करवलाच, फक्त जास्त राबणारा. आमचा बेस्ट मॅन रिलीजच्या गडबडीत गळ्यापर्यंत बुडालेला. "तुझं एक्सेल चांगलं आहे" एवढ्या भांडवलावर त्याने ती फाइल माझ्या गळ्यात मारली.

फाइल उघडली. सेंट अँड्र्यूज, दोन रात्री चांगलं हॉटेल, दोन दिवस गोल्फ, व्हिस्की टेस्टिंग, मिनीबस, नवरदेवाचा फोटो छापलेले टी-शर्ट. माणशी ६२० पौंड. त्यात नवरदेवाचा खर्च बाकी सात जणांनी वाटून घ्यायचा, हा तिकडचा रिवाज. मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि फाइल बंद केली. मग चहा पिऊन परत उघडली.

सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फवाल्यांचं पंढरपूर. तिथल्या ओल्ड कोर्सवर १७६४ मध्ये २२ होलचे १८ केले गेले आणि पुढे जगभर १८ हाच आकडा रूढ झाला. आमच्या नवरदेवाचं स्वप्न तिथे एकदा खेळायचं. पण तिथे खेळणं सोपं नाही. हंगामात फी माणशी ३०० पौंडांच्या वर, म्हणजे तीस हजार रुपयांहून जास्त. शिवाय हॅन्डिकॅपचा पुरावा दाखवावा लागतो, त्यामुळे माझ्यासारख्याला दारातूनच नमस्कार. आणि आधी बुकिंग नसेल तर रोजची सोडत. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी नावं टाकायची आणि देव पाण्यात ठेवून बसायचं. थोडक्यात म्हाडाची लॉटरीच.

आमच्या आठांपैकी गोल्फ येणारे तिघं. बाकीच्या पाचांनी आयुष्यात काठी हातात घेतली असेल तर ती क्रिकेटची किंवा कुत्रं हाकलायची. तरीही ग्रुपवर प्लॅन पडल्या पडल्या आठही जणांचे अंगठे आले. दहा मिनिटांत! मलाही वाटलं, वा, काय उत्साह आहे.

तीन दिवसांनी टीममधला सगळ्यात ज्युनियर टेस्टर कँटीनमध्ये हळूच येऊन म्हणाला, "त्या वीकेंडला बहिणीचं घर शिफ्ट करायचंय रे, मला नाही जमणार. सॉरी."

मी "ओके" म्हटलं. पण डेस्कवर येऊन बसलो तरी डोक्यातून जाईना. कारण ती बहीण आणि ते शिफ्टिंग माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना सगळी गँग गोव्याला निघाली होती. माणशी साडेचार हजार. त्या वर्षी बाबांचं काम सुटलेलं, मेसचे पैसेच कसेबसे यायचे. मी सांगितलं, मावसभावाचं लग्न आहे. पोरांनी थोडा आग्रह केला, मग गेले. ते चार दिवस मी होस्टेलवर एकटा होतो आणि फोन आला की पलीकडे बँडचा आवाज का येत नाही याची कारणं तयार ठेवत होतो. आज सांगायला हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं. खरं दुखलं ते गोवा चुकल्याचं नाही. परत आल्यावर सहा महिने प्रत्येक जोकची सुरुवात "अरे त्या रात्री बागाला..." अशी व्हायची आणि मला उगाच हसावं लागायचं, ते दुखलं.

आता मुद्द्यावर येतो.

आपण सॉफ्टवेअरवाले. क्लायंटला काय हवंय हे न विचारता डिझाइन करणाऱ्याला आपण नावं ठेवतो. पण मित्रांची ट्रिप ठरवताना नेमकं तेच करतो. तारखा विचारतो. व्हेज-नॉनव्हेज विचारतो. टी-शर्टचं माप विचारतो. पैसे किती परवडतील, हे कुणी विचारत नाही. आधी प्लॅन करतो, मग भागाकार करतो आणि आलेला आकडा ग्रुपवर टाकतो. सात लोकांनी अंगठा दाखवल्यावर आठव्याने तिथे "मला जास्त होतंय" असं लिहायचं? कोण लिहील? तो बहिणीचं घर शिफ्ट करतो.

गंमत म्हणजे, याचं उत्तर गोल्फमध्येच आहे. मला खेळता येत नसला तरी प्लॅनिंगच्या नादात मी त्याचे नियम बरेच वाचले. हॅन्डिकॅप म्हणजे काय, तर कच्च्या खेळाडूला दिलेली फटक्यांची सूट. तुझा हॅन्डिकॅप शून्य आणि माझा १८, तर १८ होलमध्ये माझ्या फटक्यांतून १८ वजा करायचे आणि मग बघायचं कोण जिंकलं. २०२० पासून जगभरासाठी एकच पद्धत आली आहे आणि त्यात ५४ पर्यंत हॅन्डिकॅप मिळू शकतो. म्हणजे अगदी नवशिक्याही पट्टीच्या खेळाडूबरोबर खरी मॅच खेळू शकतो, आणि त्यात कुणाला उपकार वाटत नाहीत, कारण तो खेळाचा नियमच आहे. किती शहाणा खेळ! आणि हाच खेळ खेळून बाहेर आलं की बिल मात्र भागिले आठ.

मी काय केलं, तर सगळ्यांना वेगवेगळा मेसेज टाकला. "हा वीकेंड मनावर ओझं न ठेवता एन्जॉय करायचा, तर तुझा जास्तीत जास्त आकडा किती? कारण सांगू नकोस, फक्त आकडा दे. माझा २००." माझा आकडा मुद्दाम आधी लिहिला. घराचा हप्ता चालू होता, लाजण्यासारखं काही नव्हतं. (खरं तर थोडी लाज वाटलीच. पाठवायच्या आधी तीनदा पुसला.)

आकडे आले. सगळ्यात लहान होता १५०. तो कुणाचा हे मी आजही सांगणार नाही. पण ज्याचा असेल असं मला वाटलं होतं, त्याचा नव्हता.

बेस्ट मॅन भडकला. म्हणाला, "अरे, आयुष्यात एकदाच होतं हे! एकाला परवडत नाही म्हणून सगळ्यांनी का काटकसर करायची? ज्याचं लग्न आहे त्याच्या स्वप्नाचं काय?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. म्हणून आम्ही वीकेंडचे दोन भाग केले. सगळ्यांनी मिळून करायचं ते १५० पौंडांत बसवायचं. ज्याला जास्त हवं त्याने ते वर आपापलं करायचं, आणि त्याच्यासाठी बाकीच्यांनी बसून राहायचं नाही. नवरदेव आणि बेस्ट मॅनची नावं शनिवारच्या सोडतीत टाकली. हॉटेल गेलं, होस्टेल आलं. मिनीबस गेली, लूकर्सपर्यंत ट्रेन आणि पुढे बस आली. टी-शर्ट गेले, त्याचं कुणालाच दुःख झालं नाही :-)

टेस्टरला जाऊन म्हटलं, "प्लॅन बदललाय, आता १५० मध्ये आहे. बहिणीचं शिफ्टिंग पुढे ढकलता येतंय का बघ." दुसऱ्या दिवशी शिफ्टिंग पुढे ढकललं गेलं.

सोडतीत नाव लागलं नाही. हे लपवत नाही. नवरदेवाचा चेहरा पडला होता, आणि मूळ प्लॅनमधले पैसे ओतून आधीच काहीतरी जमवता आलं असतं का, हा किडा माझ्या डोक्यात अजून आहे.

मग शनिवारी आम्ही आठही जण बॅलगोव्हवर खेळलो. ते तिथलंच नऊ होलचं छोटं कोर्स, नवशिक्यांसाठीच असलेलं. चार-चारच्या दोन टीम, आणि पद्धत 'स्क्रँबल': चौघांनी मारायचं, त्यातला सगळ्यात चांगला चेंडू निवडायचा, पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच. त्यामुळे माझे सगळे चेंडू झुडपात गेले तरी टीमचं काही बिघडलं नाही. आणि सातव्या होलला एक चुकून नीट गेला, तर तोच निवडला! च्यायला, तो क्षण मी नातवंडांना सांगणार आहे.

दुपारी 'हिमालयाज'वर गेलो. नुसतं पटिंग करायचं हे उंचसखल हिरवळीचं मैदान, फी अगदी किरकोळ. ते चालवतो बायकांचा क्लब, स्थापना १८६७. त्या काळात बाईमाणसाने काठी खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं शोभत नाही असं मानत, म्हणून त्यांनी आपल्यापुरता हा खेळ सुरू केला. तिथे टेस्टरने नवरदेवाला हरवलं. दोनदा.

रविवारी ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो आणि गावाची बाग होतो. लोक कुत्री फिरवतात, पोरं पळतात. ज्या स्विल्कन पुलावर उभं राहून जॅक निक्लसने २००५ मध्ये ब्रिटिश ओपनचा निरोप घेतला, त्याच पुलावर आम्ही आठ जण दाटीवाटीने उभे राहिलो. फुकट. आमच्या नवरदेवाने फोटो लग्नात लावला होता. त्या फोटोत आठ माणसं आहेत, सात नाहीत.

आपल्याकडे केळवण असतं. ज्याचं लग्न, त्याला घरी बोलवून पोटभर जेवू घालायचं. कुणी साग्रसंगीत ताट मांडतं, कुणी मिसळ खायला नेतं. ज्याला जे झेपेल ते, आणि दोन्हीला केळवणच म्हणतात. आपण मात्र आता केळवणाचे फोटो टाकतो आणि बॅचलर पार्टीचा भागाकार करतो.

असो. पुढच्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या मित्राचं लग्न आहे. काल ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "गोवा की थायलंड?" दहा मिनिटांत नऊ अंगठे.

आम्ही दहा जण आहोत. दहाव्याने अजून काही लिहिलेलं नाही. मी एकेकाला वेगळा मेसेज पाठवायला सुरुवात केली आहे. पहिला त्याला.