कापसाच्या भावाबाहेरची माणसे

कादंबरी म्हणजे फावल्या वेळाची करमणूक, असा समज परिवर्तनवादी कार्यकर्त्यांत फार दिवसांपासून रुजलेला आहे. अभ्यासशिबिरासाठी पुस्तकांची यादी करावयाची झाली की अर्थसंकल्पाचे विवेचन, जमीनसुधारणांवरील पुस्तिका आणि चळवळीचा इतिहास तीत हटकून येतो. कादंबरीला तेथे जागा नसते. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या वाचकाने समीक्षकाचा आव न आणता, केवळ सवडीने, वऱ्हाडातल्या तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या तर या समजाला धक्का बसल्याशिवाय राहणार नाही.

वऱ्हाडचा आर्थिक इतिहास बहुधा कापसाच्या अंगाने सांगितला जातो. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला; १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात येथील कापसाला सोन्याचा भाव आला; मागोमाग रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या. १९७२ साली राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. १९८० नंतर रास्त भावाच्या मागणीने शेतकऱ्यांचे मेळावे गाजले. २००६ साली केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती आणि अकोला त्यांत होते. या साऱ्या कथनाचा नायक एकच, कापूस विकणारा शेतकरी.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील कौतिकजवळ विकावयास कापूसच नाही. शिंपीकाम करणारा, पण कष्टांत मन नसलेला नवरा आणि पोरे यांना घेऊन ही बाई संसाराचा गाडा ओढत राहते. तिच्या हाती असतात ती फक्त स्वतःची मेहनत आणि जिद्द. कापसाचा भाव दुपटीने वाढला असता तरी कौतिकच्या चुलीवर त्याचा कितीसा परिणाम झाला असता? गावातील कारागीर, भूमिहीन मजूर आणि घर चालविणारी बाई यांचा हिशेब भाववाढीच्या मागणीत कोठे बसतो, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. ती फक्त कौतिकचे दिवस सांगत जाते, आणि प्रश्न आपोआप वाचकाच्या मनात उभा राहतो.

मनोहर तल्हार यांच्या ‘माणूस’मध्ये गावाची जागा शहराने घेतली आहे. रिक्षा ओढणारा तिचा नायक कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. त्याला पगार नाही आणि संप करावयाचा तर तो कोणाविरुद्ध, हेही त्याला ठाऊक नाही. संघटित कामगारांच्या वेतनवाढीवर ठराव करणाऱ्यांनी हा माणूस निदान एकदा तरी डोळ्यांसमोर आणावयास हवा.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. येथे शेती आहे, आणि शिक्षणही आहे. एकनाथ पदवीधर आहे, शिक्षकाची पात्रता त्याच्याजवळ आहे. परंतु नोकरीसाठी भरावयाचा पैसा नाही. ज्या शिक्षणाने बहुजन समाजाची सुटका होईल अशी आशा वऱ्हाडातील शिक्षणसंस्थांच्या उभारणीमागे होती, त्याच शिक्षणाने त्याला शेतात रमू दिले नाही आणि बाहेर जागाही दिली नाही. शेतीतील तोटा पुस्तकात आकड्याने दाखविता येतो. तोच तोटा नवरा-बायकोच्या बोलण्यात आणि बाप-लेकाच्या अबोल्यात कसा शिरतो, हे दाखविण्यासाठी मात्र कादंबरीकारच लागतो.

एंगेल्सने १८८८ सालच्या एका पत्रात बाल्झाकविषयी लिहिले आहे की, त्या काळच्या इतिहासकारांनी, अर्थशास्त्रज्ञांनी आणि सांख्यिकांनी मिळून जे शिकविले त्याहून अधिक आपण या एका कादंबरीकाराकडून शिकलो. बाल्झाक तर राजसत्तेचा पक्षपाती होता. लेखकाचा पक्ष कोणता हे पाहण्यापूर्वी त्याने काय पाहिले हे विचारावे, एवढा धडा यातून घेण्यास हरकत नसावी.

या कादंबऱ्यांत संघर्ष नाही, संघटना नाही, बाहेर पडण्याची वाट नाही, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. प्रश्न दोष कोणाचा एवढाच उरतो. कौतिकच्या दारी कोणतीही चळवळ पोहोचली नव्हती, तर लेखकाने ती कोठून आणावी? लेखकाने खोटा मोर्चा काढला असता तर पुस्तक बिघडले असते आणि आपली मात्र समजूत निघाली असती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शेळक्यांची माणसे वऱ्हाडीत बोलतात. त्यांच्यासाठी म्हणून निघणारी पत्रके मात्र अजूनही सभागृहाच्या भाषेत लिहिली जातात. ज्याची बोली ऐकण्याचे कष्ट आपण घेत नाही, त्याची मागणी आपण कोणत्या अधिकाराने मांडतो?

तेव्हा पुढील शिबिराच्या यादीत आणखी एका पुस्तिकेची भर घालण्याऐवजी ‘धग’ ठेवावी. वाचून झाल्यावर चर्चेला एकच विषय पुरे : आपल्या जाहीरनाम्यातील कोणते कलम कौतिकच्या उपयोगी पडले असते? उत्तर सापडले नाही, तर जाहीरनामा पुन्हा लिहावा.