मे महिन्यात बोर्ड का उतरवता?

एप्रिल संपता संपता भिलाईच्या सुपेला बाजारात दुकानोदुकानी एकच वाक्य ऐकू येतं : "अभी ग्राहकी ठंडी है, भैया." बाहेर पारा 44 वर आणि ग्राहकी ठंडी! त्यामागोमाग ठरलेला निर्णय येतो. पत्रकं बंद, रिक्षावरचा भोंगा बंद, व्हॉट्सॲपवर नव्या मालाचे फोटो टाकणंही बंद. आता जे काय ते रथयात्रेनंतर. नागपूर-गोंदियाकडून येऊन इथे दुकान थाटलेले आपले मराठी लोकही यात मागे नाहीत. उन्हाळ्यातली जाहिरात म्हणजे तापल्या तव्यावर पाणी, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं आळसातून आलेलं नाही, एवढं आधी मान्य करतो. भिलाई हे बाहेरून आलेल्यांचं गाव. 1955 च्या सोव्हिएत कराराने पोलाद कारखान्याचा पाया घातला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, बिहार, विदर्भ अशी चहूकडची माणसं कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांत वसली. शाळांना सुट्ट्या लागल्या की क्वार्टरला कुलूप लावून गावी जायचं, ही इथली जुनी रीत. त्यात लग्नांचे आहेर, मुलांची फी यांतच पैसा संपतो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. पूर्वपक्ष भक्कम दिसतो खरा.

पण गावी जातं कोण? ज्याला पगारी रजा आहे तो. कारखान्यातले कायम कामगार पूर्वीपेक्षा खूप कमी झाले; बरंचसं काम आता ठेक्यावरची माणसं करतात. त्यांना महिनाभराची रजा कोण देणार? कोक ओव्हन थंड पडली तर आतल्या सिलिका विटा तडकतात, म्हणून ती नौतपाच्या नऊ कडक दिवसांतही धगधगतीच ठेवावी लागते. तिथे घाम गाळणारा माणूस मेअखेर कॅम्प, खुर्सीपार या वस्त्यांतच असतो. चपला, डबा, पोरांचे कपडे त्यालाही लागतात. शिवाय भिलाईत शिकून पुण्या-बंगळुरूला गेलेली मुलं याच दिवसांत नातवंडांना घेऊन निवृत्त आईवडिलांकडे येतात. दुकानदाराच्या डोळ्यांपुढे मात्र अजून तो जुना सेक्टरवालाच.

लग्नांचा मुद्दा तर त्यांच्यावरच उलटतो. अक्ती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, हा छत्तीसगडातला लग्नांचा मोठा मुहूर्त. लग्नघरातून निघालेला पैसा कुणाच्या ना कुणाच्या गल्ल्यात पडतोच. आणि कोचिंगवाल्यांकडे बघा. दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की विजेच्या खांबाखांबावर त्यांचे फलक. मुलाला कुठे घालायचं हे घराघरांत उन्हाळ्यातच ठरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

राहिलं ऊन. उन्हाने गिऱ्हाइकाची वेळ सरकते, एवढंच. माझ्या ओळखीच्या एका शिंप्याने दुपारी एक ते पाच दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. शहाणपणाचंच केलं, पण सांगितलं कुणालाच नाही. पाटीवर सकाळी दहा ते रात्री नऊ, गूगल मॅपवरही तेच. दोनच्या सुमाराला एक बाई स्कूटीवरून आल्या, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हँडलला ब्लाउजपिसांची पिशवी. शटर दोनदा वाजवलं, शेजारच्या रसवाल्याकडे चौकशी केली आणि पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या शिंप्याकडे निघून गेल्या. हा म्हणतो, उन्हाळ्यात गिऱ्हाईक तुटतं. तुटेल नाही तर काय!

दुसऱ्या टोकाला सल्लागार मंडळी आहेत. मंदीत जाहिरातीचा खर्च दुप्पट करा, 'समर धमाका' लावा, निम्म्या किमतीत विका, असा त्यांचा घोष. हेही मला पटत नाही. मोठ्या मॉलला ते परवडतं; चार शिलाई यंत्रांच्या दुकानाला नाही. मेमध्ये सवलतीला सोकावलेलं गिऱ्हाईक तीजेच्या सणाच्या तोंडावरही घासाघीस करतं. आणि भर दुपारी धाडलेला मेसेज कुलरपुढे झोपलेला माणूस बघतच नाही. तोच रात्री नऊनंतर, जेवणं उरकल्यावर धाडा.

मग करायचं काय? बोलणं चालू ठेवायचं. लोखंडी नांगर कुणी दरमहा विकत घेत नाही. तरी शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते आपल्या नांगरांच्या कारखान्याचा गिऱ्हाइकांशी संबंध राहावा म्हणून. तिकडे अमेरिकेत कोका-कोलाची अडचण नेमकी उलटी होती, हिवाळ्याची. 1922 मध्ये त्यांनी तहानेला ऋतू नसतो अशी जाहिरात धरली आणि थंडीतही थंड पेय विकत राहिले. त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याकडे नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण इथे लागणारा पैसा तरी कितीसा?

मॅपवरची वेळ बदलायला एक रुपया पडत नाही. 'दुपारी बंद, रात्री दहापर्यंत चालू' ही पाटी पेंटर तासाभरात रंगवून देतो. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. तेव्हा गणवेशासाठी झुंबड उडते, कारागीर रात्र रात्र जागतात आणि तरीही वायदे चुकतात. 'माप आत्ता द्या, शाळेआधी कपडे घ्या' एवढा मेसेज मेच्या पहिल्या आठवड्यात गेला, तर रिकाम्या दुपारी बंद शटरआड यंत्रं चालतील, आणि सूट एका पैशाचीही द्यावी लागणार नाही.