डबीवरचा आकडा

कॉम्प्युटर घेताना आधी गिगाहर्ट्झ विचारायचे दिवस आठवतात? पेंटियम ४ चं घड्याळ जोरात पळायचं आणि त्याहून कमी गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन तेवढंच काम गुपचूप उरकायचा. पण दुकानदार विकायचा आकडा, आणि आपणही आकडाच विकत घ्यायचो.

शिकारीच्या जगात हाच आजार आहे. तिथे फक्त एकक बदलतं. काडतुसाच्या डबीवर फूट-पाउंड छापलेले असतात, म्हणजे नळीतून बाहेर पडतानाची गोळीची ऊर्जा. जितका मोठा आकडा, तितकं मोठं जनावर आडवं, असा एकूण समज.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? भारतात शिकारीचा शौक १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोडीत काढला. खरंय. पण आपली निम्मी मंडळी अमेरिकेत आहेत. तिथले टीममेट ऑक्टोबरात एल्क मारायला रजा टाकतात आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी आकडे फेकतात. आपली पोरं इंजिनिअर असूनही माना डोलावतात, याचा मला राग येतो. बारावीचं फिजिक्स कुठे गेलं राव?

करूया हिशोब. थर्टी-ऑट-सिक्स रायफलची १८० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम. वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. ऊर्जा सुमारे ३९०० जूल, ऐकायला झकास. पण ढकलण्याचं काम संवेगाचं, आणि तो येतो साडेनऊच्या घरात. ३०० किलोच्या एल्कला तो सगळाच्या सगळा दिला, तरी एल्क सरकेल सेकंदाला ३ सेंटीमीटर वेगानं! रमतगमत चालणाऱ्या माणसाचा संवेग याच्या दहापट असतो. गोळीच्या धक्क्यानं जनावर उडून पडणार असतं, तर बंदूकवालाही मागच्या मागे उडाला असता. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काय.

मग जनावर मरतं कशानं? मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला गोळी लागली तर जागच्या जागी कोसळतं. नाहीतर रक्तस्रावानं. हृदय-फुप्फुसं फाटली, रक्तदाब घसरला, मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की संपलं. त्यालाही वेळ लागतो. हृदय फुटलेलं हरीणसुद्धा दहा-पंधरा सेकंद पळू शकतं. म्हणजे प्रश्न किती फूट-पाउंड हा नाहीच. भोक कुठे पडलं, किती खोल गेलं आणि किती रुंद झालं, हे तीन प्रश्न आहेत.

इथेच खरी गंमत आहे. गोळीकडून आपण दोन उलट कामं मागतो. तिनं आत जाऊन छत्रीसारखं उमलावं, म्हणजे जखम रुंद होते. आणि खोलही जावं, पण उमललेली गोळी लवकर अडते. मऊ गोळी जवळून भरवेगात खांद्याच्या हाडावर बसली की तिचा चुरा होतो, वरवरची भयानक जखम होते आणि फुप्फुसं शाबूत राहतात. कडक गोळी लांबून, वेग सरल्यावर लागली की उमलतच नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून पार निघून जाते. दोन्ही वेळा डबीवरचा आकडा तोच!

१९४६ साली जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला कॅनडात हेच दिसलं. हातात दणकट मॅग्नम रायफल, समोर मूस, आणि गोळ्या काही खोल जाईनात. त्यानं आणखी मोठी रायफल घेतली नाही. त्यानं गोळी बदलली. मधोमध तांबट धातूची आडवी भिंत घातली, पुढचा भाग उमलेल आणि मागचा तसाच घुसत राहील अशी. तीच ‘पार्टिशन’ गोळी, आजही विकली जाते. माझ्या मते हे खरं इंजिनिअरिंग.

दुसरं टोक बघा. .६०० नायट्रो एक्सप्रेसची ऊर्जा सुमारे ७६०० फूट-पाउंड. आणि ‘करामोजो’ बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक त्याच्या तिसरा हिस्साही ऊर्जा नसलेल्या ७ मिलिमीटरच्या रायफलनं. न उमलणारी लांब, सडपातळ गोळी, आणि हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा केलेला अभ्यास. (इतके हत्ती मारले याचं कौतुक मला अजिबात नाही. मुद्दा गोळीचा आहे.)

‘मग मोठ्या बोअरचा उपयोगच नाही का?’ आहे की. झिंबाब्वेत हत्ती-रेड्यांसाठी किमान ९.२ मिलिमीटर आणि ५.३ किलोजूल लागतात, आणि ते शहाणपणाचं आहे. तिरका कोन, अंगावर येणारं जनावर, अशा वेळी जड गोळी थोडी सवलत देते. बेल होणं सगळ्यांना जमत नाही. पण सवलत वेगळी आणि परवाना वेगळा. हल्ली ९०० मीटरवरून एल्क मारल्याचे व्हिडिओ फिरतात. गोळी पोचायला सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं आणि गोळी पोटात बसते. ‘पण एनर्जी पुरेशी होती!’ हो ना. जनावराला सांगा.

आणि हे फक्त जनावराशी संपत नाही. कुमाऊंची चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटनं १९०७ साली मारली. तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसं होती. कॉर्बेटनं तिचं तोंड तपासलं. उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले, खालचा तर पार हाडापर्यंत. कारण, जुनी बंदुकीची जखम. नेहमीची शिकार मारता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. ती गोळी किती ताकदीची होती याला काय किंमत? ती नको तिथे लागली आणि मारणारा घरी निघून गेला. बिल भरलं ते गवत कापायला गेलेल्या बायकांनी.

तेव्हा पुढच्या वेळी कॉफी मशीनपाशी कुणी फूट-पाउंड सांगायला लागला तर मान डोलावू नका. तीन गोष्टी विचारा. गोळी कुठली होती? त्या अंतरावर ती उमलते का? आणि गेल्या सीझनला किती जनावरं जखमी होऊन निसटली? तिसऱ्या प्रश्नाचा आकडा कुठल्याच डबीवर छापलेला नसतो, आणि मला ऐकायचाय तो तोच.