इंधनाला गिऱ्हाईक मिळवून देणारे विमानतळ

यंदाचा दिवाळी अंक प्रवासाला वाहिलेला आहे. पायवाटेपासून समुद्रमार्गापर्यंत बरेच काही पुढच्या पानांत वाचायला मिळेल. संपादकीयासाठी मात्र आम्ही विमानाच्या टाकीतले इंधन निवडले आहे. मराठी घरांतली मुले बंगळुरूपासून बोस्टनपर्यंत पसरली आहेत. दिवाळीत विमाने त्यांना घरी आणतात आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे फराळाचे डबे विमानानेच जातात. हे उड्डाण थांबणार नाही आणि थांबावे असे आम्हाला वाटतही नाही. पण माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे अडीच टक्के विमानांतून येतो, त्याची चिंता आता आपल्यालाही करायला हवी.

मोटार विजेवर चालली, पण मुंबई-लंडन पल्ल्याचे विमान उडवेल इतकी हलकी बॅटरी आज कोणाकडे नाही. म्हणून शाश्वत विमान इंधनाचा, ‘सॅफ’चा, आधार घ्यावा लागतो. वापरलेले खाद्यतेल, इथेनॉल, शेतातला काडीकचरा यांपासून ते तयार होते. नेहमीच्या इंधनात ते निम्म्यापर्यंत मिसळता येते आणि त्यासाठी इंजिन बदलावे लागत नाही. कच्च्या मालापासून धुरापर्यंतचा हिशेब मांडला, तर कार्बन 80 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. तरीही 2024 साली जगभरात ते जेमतेम 10 लाख टन तयार झाले, म्हणजे एकूण वापराच्या 0.3 टक्के. घोडे अडते ते भावावर. हे इंधन साध्या इंधनाच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत महाग पडते. खरेदीचा लांब मुदतीचा करार नसेल तर बँक कारखान्याला कर्ज देत नाही, आणि या भावाने करार करायला विमान कंपनी धजत नाही.

हे इंधन बनवणे आपल्याला जमत नाही असे अजिबात नाही. 19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या विमानात देशी कच्च्या मालापासून बनवलेले सॅफ मिसळलेले होते. पुण्याच्या ‘प्राज’ कंपनीने ते इंडियन ऑइलच्या साथीने पुरवले होते. मिश्रण एक टक्क्यापर्यंतच होते, पण लोहगावच्या धावपट्टीवरून ते उडाले याचा अभिमान वाटतो. कौशल्य घरात आहे, गिऱ्हाईक मात्र अजून बांधलेले नाही.

ते बांधायला विमानतळ मदत करू शकतो. विमानतळ इंधन विकत नाही की जाळतही नाही. तरी इंधनाच्या टाक्या आणि नळ त्याच्या हद्दीत असतात, आणि प्रत्येक विमान कंपनी त्याला उतरणावळ देते. ऑस्लोने 2016 साली आपल्या मुख्य इंधन व्यवस्थेतच सॅफ मिसळले, त्यामुळे तिथे टाकी भरणाऱ्याला वेगळी सोय करावी लागली नाही. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाने 2022 ते 2024 साठी दीड कोटी युरो बाजूला काढले आणि जैविक सॅफच्या प्रत्येक टनामागे 500 युरो, तर वीज वापरून केलेल्या कृत्रिम इंधनामागे 1000 युरो देऊ केले.

आम्हाला सर्वांत पटते ती लंडनच्या हीथ्रोची रीत. गणपतीची वर्गणी सगळ्या आळीकडून घ्यावी आणि मांडव जो उभारतो त्याच्या हाती द्यावी, तसा हा प्रकार आहे. उतरणावळीतला काही भाग सगळ्या कंपन्यांकडून गोळा होतो आणि जी कंपनी सॅफ भरते तिला त्यातून परतावा मिळतो. भावातल्या फरकाचा निम्म्यापर्यंतचा भार असा उचलला जातो. 2022 साली लक्ष्य होते अर्ध्या टक्क्याचे. 2025 साली ते तीन टक्क्यांवर नेले आणि त्यासाठी 8 कोटी 60 लाख पौंड ठेवले. रक्कम आणि लक्ष्य आधी जाहीर होतात, आणि लक्ष्य दरवर्षी वाढते. कारखानदाराला असा भरवसा हवा असतो.

आता मुंबईकडे पाहू. इथल्या विमानतळाचे इंधन माहूलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून नळाने येते, आणि ते साठवणाऱ्या संयुक्त कंपनीत तिन्ही सरकारी तेल कंपन्यांबरोबर विमानतळही भागीदार आहे. म्हणजे एका टेबलाभोवती बसवायची माणसे आधीच एकत्र आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी केंद्राने 2027 साली एक, 2028 साली दोन आणि 2030 साली पाच टक्के मिश्रणाचे लक्ष्य सांगितले आहे. लक्ष्यामागे पैसा उभा राहिला नाही, तर ते कागदावरच राहील.

हा पैसा अखेर प्रवाशाकडूनच येणार, हे आम्ही लपवत नाही. पण तो सरसकट काढू नये. नांदेड किंवा जळगावहून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यावर याचा बोजा पडता कामा नये. सिंगापूरने सॅफसाठी जो आकार ठरवला आहे, तो अंतर आणि आसनाचा वर्ग पाहून बदलतो. दूर जाणारा आणि ऐसपैस बसणारा अधिक देतो. हा न्याय आपल्यालाही मानवेल.

कच्च्या मालाबाबत मात्र आम्ही सावध आहोत. इथेनॉलपासून एक टन इंधन करायला दीड टनाहून अधिक इथेनॉल लागते. मराठवाड्यातल्या विहिरी उपसून उसाच्या रसावर विमाने उडवणे आम्हाला मान्य नाही. मळी, पिकांचे अवशेष आणि तळणाचे तेल यांना पहिला मान हवा. फरसाणाच्या कारखान्यात कढईतले तेल काळपट होते, दाट होते, फेसाळू लागते. ते पुढे स्वस्तात गाड्यांवरच्या वडापावाला जाऊ नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून त्याच्या वापरावर मर्यादा घातली आहे. विमानतळाच्या प्रोत्साहनामुळे या तेलाला चांगला भाव आला, तर पोटात जाणारे विषही कमी होईल.

देशातल्या मोठ्या विमानतळांचे दर ‘एरा’ हे नियामक प्राधिकरण पाच-पाच वर्षांसाठी ठरवते. त्याआधी ते मसुदा जाहीर करून हरकती आणि सूचना मागवते. मुंबई आणि नवी मुंबई या दोन्ही विमानतळांनी हीथ्रोसारखी योजना ‘एरा’पुढे मांडावी आणि ‘एरा’ने तिला मोकळ्या मनाने मान्यता द्यावी, अशी आमची मागणी आहे. वाचकहो, पुढचा मसुदा येईल तेव्हा आपणही दोन ओळी जरूर लिहून पाठवा.