मुलाखत घेणाऱ्याची शिकवणी

मुलाखत कशी द्यावी हे शिकवणारे वर्ग जळगावात काही कमी नाहीत. शर्ट कसा खोचावा, खुर्चीत कसं बसावं, ‘तुमच्यातला दोष सांगा’ म्हटलं की कोणता गोड दोष सांगावा, सगळं घोटून घेतात. टेबलापलीकडे बसणाऱ्याला मात्र कोणी काही शिकवत नाही. मेहरूणमधल्या आयटीआय झालेल्या मुलाने एमआयडीसीतल्या चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात अर्ज केला, तर त्याला पारखणारा बहुधा सुपरवायझर असतो, हिशेबनीस असतो, नाहीतर मालकाचा पुतण्या. आपल्या कामात तो तरबेज असेलही. माणूस निवडायचं काम त्याच्या गळ्यात वरकड म्हणून पडलेलं असतं. मग प्रश्न ठरलेले: गाव कोणतं, वडील काय करतात, इथे कोण ओळखीचं आहे? मुलगी असेल तर लग्नाचं काय ठरलंय? भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसतं. आणि वेल्डिंगला आलेल्या मुलाच्या हाती एकदाही वेल्डिंग दिलं जात नाही. याच शहरातला डाळमिलवाला पोत्यातली मूठभर तूर तळहातावर पसरल्याशिवाय भाव बोलत नाही; बोरं घेणारं गिऱ्हाईकसुद्धा एक चाखून बघतं.

हे केवळ कुरकुरणं नाही. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांचा फेरआढावा २०२२ साली मांडला. माणूस पुढे काम कसं करील याचा सर्वांत चांगला अंदाज त्यात आखीव मुलाखतीने दिला. आखीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, तेही त्या कामाशी जोडलेले, आणि आधी ठरवलेल्या कसाने दिलेले गुण. मोकळ्या गप्पांची मुलाखत यादीत बरीच खाली घसरली. आपल्याकडचा पुरावा जास्त बोचरा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. तरी दलित नावांना बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावांपेक्षा कमी निघाली, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. अर्ज चाळणाऱ्यांतला प्रत्येक जण दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. कागदात काय शोधायचं हे ठरलेलं नसलं की डोळा आधी आडनावावर जातो.

खानदेशात आणखी एक चाळणी लागते, ती बोलीची. अहिराणी किंवा लेवा गणबोलीचा हेल लागला की शेरा पडतो, ‘कम्युनिकेशन वीक’. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांच्या बोलीत उत्तर देणारा पदवीधर मात्र त्याच जिल्ह्यात कच्चा ठरतो! गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायची नोकरी असेल तर भाषा जरूर तपासावी. मशीनवर उभं राहायचं असेल, तर तो प्रश्न कशाला?

यावर मुरलेले लोक म्हणतील, आमची नजर पुस्तकात सापडत नाही. १९५५ साली इस्रायली सैन्यात हेच घडलं होतं. तेव्हा एकवीस वर्षांच्या डॅनियल कानमन यांनी मुलाखतीसाठी सहा गुणवैशिष्ट्यं ठरवून दिली. एकेकावर नेमके प्रश्न विचारायचे, गुण मांडायचे, मगच पुढे जायचं. आमचे यंत्रमानव करताय, म्हणून मुलाखतकार चिडले. कानमननी तडजोड केली: सगळे गुण देऊन झाले की डोळे मिटा आणि तुमच्या मनाचा आकडा लिहा. काही महिन्यांनी पडताळा घेतला तेव्हा नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस निघाली, आणि डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच उपयोगी ठरला. म्हणजे नजर खोटी नव्हती. तिला आधी कामाला जुंपावं लागतं.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. वीस कामगारांचा कारखाना एचआरवर खर्च कुठून करणार? ओळखीतून आलेला माणूस निदान पळून जात नाही. ओळखीने अर्ज येऊ द्यावा, माझी हरकत नाही. निवड मात्र कामावर व्हावी. त्यासाठी एचआर विभाग लागत नाही. कामाचं वर्णन अर्ध्या पानावर, पाच ठरलेले प्रश्न, पंधरा मिनिटं हातात काम, दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहिलेले गुण, आणि नाही घेतलं तर तसं कळवणारा एक मेसेज. हे शिकवायला दोन दिवस पुरावेत. जिल्हा कौशल्य विकास केंद्र रोजगार मेळावे भरवतंच. मेळाव्यात टेबल हवं असेल तर आधी या वर्गाला बसा, एवढी अट घालायला वेगळा निधी लागणार नाही. पहिल्या बाकावर मालकाचा पुतण्याही असू द्यावा.