करुणा आणि हक्क

मुंबईची लोकलगाडी बहुतेक स्थानकांत जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्या अवधीत कुबड्या सावरत डबा गाठणाऱ्या दिव्यांग प्रवाशाचे हाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याच्यासाठी राखीव डबा आहे. परंतु फलाटावर जाण्यास केवळ पायऱ्यांचा पूल असेल, तर ते आरक्षण कागदावरच राहते.

प्रवास ही एक साखळी आहे. उंबरठा, पदपथ, बसथांबा, जिना, फलाट यांतील एक कडी निखळली, की बाकीच्या व्यर्थ ठरतात. लो-फ्लोअर बस पदपथापासून चार हात दूर उभी राहिली, तर तिचा रॅम्प निरुपयोगी होतो. २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहे. मात्र खाली उतरताच पदपथ उखडलेला असेल, तर चाकाच्या खुर्चीने जायचे कोठे?

सहप्रवासी हात देतात, प्रसंगी उचलूनही घेतात. त्या करुणेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि, रोजच्या प्रवासासाठी कुणाच्या करुणेवर विसंबावे लागणे, ही समता नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४१ स्थानके, वाहने आणि रस्ते या तिन्हींच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकते.

या वसतिगृहातील विद्यार्थी उद्या अभियंते, वाहक, अधिकारी होतील. त्यांच्याकडून आमची एकच अपेक्षा आहे : कोणतेही काम पूर्ण झाल्याची सही करण्यापूर्वी, चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी रस्त्यापासून डब्यापर्यंत एकटा जाऊ शकतो का, हे त्यांनी स्वतः तपासावे.